तेवीस नंबरची हजेरी

मॅडम, त्या दिवशी तेवीस नंबरला "हजर" मी म्हटलं होतं. हे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्हाला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं झाली. एवढ्या काळात ही गोष्ट मी कोणाजवळ बोलले नाही, नवऱ्याजवळही नाही. त्याला एवढंच ठाऊक आहे की बायको कोकणात नोकरी मागून घेऊन आली, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर घर घेतलं, आणि पाण्यात घोट्याच्या वर पाय घालत नाही. "मग आलीस कशाला इथे?" असं तो पहिल्यांदा विचारायचा. आता विचारत नाही.

शनिवार-रविवार मी इथल्या सागरी शिक्षण केंद्रात जाते. पगार नाही, स्वयंसेवक म्हणून. आपण गेलो होतो ते केंद्र हे नव्हे. ते इथून बरंच वर आहे आणि तिकडे मी परत गेले नाही. पण सगळं तसंच असतं. दारातच भरती-ओहोटीचा तक्ता, आत काचेच्या टाक्या, एका उथळ हौदात हात लावून बघायला तारामासे आणि समुद्रकाकड्या, पडदा लावलेली फिल्मची खोली. शाळांच्या गाड्या येतात, पोरं उतरतात, किंचाळतात, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवतात. मी त्यांना खडकांवर फिरवून आणते. लहान लहान डबक्यांतले खेकडे दाखवते, शंख उलटा करून बघितला की परत होता तसा ठेवायला लावते. आणि मोजते. मी नंबर पुकारत नाही. एक दोरी आडवी धरते, एकेका पोराला तिच्याखालून वाकून जायला लावते आणि प्रत्येकाच्या डोक्याला हात लावते. खडकावर जाताना एकदा, येताना एकदा, फिल्मच्या खोलीच्या दारात पुन्हा एकदा. इथले बाकीचे स्वयंसेवक मला मोजणीखात्यातल्या ताई म्हणतात. एकदा एक मास्तर वैतागून म्हणाले, बाई, ही माणसांची पोरं आहेत, शेळ्या नाहीत. मी म्हटलं, शेळ्या असत्या तर एवढं मोजलं नसतं. ते हसले. मला हसू आलं नव्हतं.

तुम्ही स्वतः त्या सहलीपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता, हे मला फार उशिरा लक्षात आलं. मेडशीच्या आमच्या शाळेत विज्ञानाचं साहित्य ठेवायची ती पत्र्याची खोली, तिथे तुम्ही आम्हाला भरती-ओहोटी शिकवली होती. परातीत पाणी घेतलं होतं आणि परात हळूच कलती केली होती. पाणी एका काठावर चढलं, दुसऱ्या काठावरून उतरलं. "असं," तुम्ही म्हणालात. आम्ही मान हलवली. सोयाबीन आणि तुरीच्या गावातली पोरं आम्ही. पाणी आम्हाला विहिरीतलं माहीत, हापशीचं माहीत, फार तर पुरात फुगलेल्या नाल्याचं. पाणी दिवसातून दोनदा जातं आणि दोनदा परत येतं हे आम्हाला परीक्षेपुरतं पटलं होतं. मग तुम्ही कुठूनतरी त्या केंद्राचा पत्ता मिळवलात, चार पत्रं लिहिलीत, मुख्याध्यापकांना आणि आमच्या आई-बापांना मनवलंत, आणि आठवीची सहल ठरली. गावातले लोक म्हणत होते, शेगावले न्या पोट्ट्यांईले, समुद्र पाहून काय करतीन? तुम्ही म्हणायच्या, पाह्यल्याशिवाय कसं समजन?

माझी मैत्रीण तेवीस, मी चोवीस. तिचे आई-वडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे आणि ती आत्याकडे राहायची. आत्याचं पाणी भरून, शेळ्या सोडून, भाकरी थापून यायची म्हणून पहिल्या तासाला कधी नसायचीच. तिचं नाव कटू नये म्हणून तिचा नंबर आला की मी खाली मान घालून, आवाज बारीक करून "हजर" म्हणायचे, आणि लगेच चोवीसला माझ्या आवाजात पुन्हा. तुमचं पेन तेवीसवर जरा थांबायचं. मग खूण व्हायची. मला वाटायचं, आपण फार हुशार. एक दिवस तुम्ही मला त्या पत्र्याच्या खोलीत बोलावलंत आणि दार ओढून घेतलंत.

"तिची हजेरी तू लावते, मले समजत नाई का?"

मी दाराच्या कडीकडे पाहिलं.

"मी चपलेच्या आवाजावरून सांगतो कोन येऊन राह्यलं म्हनून. तू मले आवाज बदलून दाखवते?" तुम्ही एवढ्या जवळ उभ्या होतात की मला तुमच्या हातावरच्या खडूचा वास येत होता. मला वाटलं, आता आईला बोलावणं जाणार. तुम्ही म्हणालात, "हजेरी लावली नं? मंग पहिल्या तासाचं तिले शिकवजो बी. रोज. मी तिलेच इचारीन, आन् नाई आलं त मार तुले बसन."

त्या वर्षी मी रोज मधल्या सुट्टीत तिला विज्ञान शिकवलं. मार एकदाही बसला नाही. तुम्ही खूण करत राहिलात, मी आवाज काढत राहिले. वर्गातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

सहलीला जायच्या आधी तिनं मला तिच्या आईचं मागणं सांगितलं. ऊसतोडीला जातानाच आई बाटली देऊन सांगून गेली होती म्हणे: समुद्राचं पाणी आन एक बाटलीभर. साऱ्या नद्या तिथं जाते, एका बाटलीत सारे तीर्थ येते, देवापुढं ठेवू. मैत्रिणीनं ती रिकामी बाटली धुऊन, वाळवून पिशवीत घातली होती. गाडीत दोनदा काढून मला दाखवली.

आपण पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. तुम्ही समुद्र पाहिलात आणि चपला काढल्यात, वाकून नमस्कार केलात. मग आम्हीही केला. केंद्रातला माणूस घाईत होता, त्याच्याकडे दुसरीही शाळा होती. तो तुम्हाला म्हणाला, साडेआठच्या आत पोरांना वर घ्या, पाणी फिरेल. तुम्ही हो म्हणालात. पाणी फिरेल म्हणजे काय, हे त्याला वाटलं तुम्हाला कळलं असेल. तुम्हाला वाटलं, पाणी समोरून येईल, येताना दिसेल. परातीत तसंच दिसलं होतं. आता मी दर वेळी पोरांना सांगते की ते समोरून येत नाही. माणूस पुढच्या खडकावर लाटांकडे बघत उभा राहतो आणि मागचा चर आधी भरतो. समोरचा खडक कोरडाच असतो. पौर्णिमेला दोन दिवस झाले होते, म्हणजे भरती मोठी होती. हे सगळं मी नंतर शिकले, पुस्तकातून आणि म्हाताऱ्या खलाशांना विचारून.

काठाजवळ पाणी गढूळ होतं. बेचाळीस पोरांनी तुडवलेलं. तिनं बाटली बुडवली, उजेडात धरली, आणि ओतून दिली.

"रेती येऊन राह्यली वं. देवापुढं असं ठेवतेत का? तिकळं साफ हाय, तिथून आनतो."

"मॅडम बलावतीन आता," मी म्हणाले.

"मी आलीच. माही लावजो."

मी थांबवलं नाही. मला फिल्म बघायची होती. कोणीतरी सांगितलं होतं की पुढच्या रांगेत बसलं की देवमासा अंगावर आल्यासारखा वाटतो. मला पुढची जागा पाहिजे होती, तिच्यासाठी एक आणि माझ्यासाठी एक. म्हणून मी पळतच वर आले. तुम्ही पायऱ्यांवर यादी घेऊन उभ्या होतात. वाऱ्यानं कागद फडफडत होता, तुम्ही तो गुडघ्यावर दाबून धरला होता. वीस. एकवीस. बावीस. तेवीस. मी मान खाली घातली. तुमचं पेन थांबलं, रोज थांबायचं तेवढंच. मग तुम्ही खूण केलीत. चोवीसला मी माझ्या आवाजात हजर म्हणाले.

फिल्मभर मी शेजारच्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवून बसले होते. एक पोरगी बसायला आली तर तिला ढकललं. देवमासा आला, पोरं ओरडली, मीही ओरडले. अंधारात मला वाटत होतं ती मागे कुठेतरी बसली असेल. हे मी खरं सांगते. पण मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, हेही खरं आहे. बाहेर आलो तेव्हा खडक दिसत नव्हते. जिथे आम्ही खेकडे पाहिले तिथे लाटा होत्या. तुम्ही यादी काढलीत, तेवीसवर बोट ठेवलंत आणि माझ्याकडे पाहिलंत. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मॅडम. मग तुम्ही साडीसकट कमरेएवढ्या पाण्यात गेलात, आणि दोन माणसांनी तुम्हाला ओढून आणलं. ती संध्याकाळी पाणी उतरल्यावर सापडली.

तिची आई तिसऱ्या दिवशी आली. ट्रकमधून आली होती, हातांना उसाच्या पात्यांचे ओरखडे होते. आमच्या घरी आली, ओट्यावर बसली, आणि मला समोर बसवलं. "तू संग होती नं वं तिच्या?"

"नाई काकू. मी पुढी होतो."

ती स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली. "म्याच मांगतलं वं पानी. म्याच मांगतलं. पोट्टी जाऊन राह्यली होती नुसतं पाहाले, म्याच बाटली देली तिच्या हाती." माझ्या आईनं तिचे हात धरले. मी तिथे बसून होते. काकू, पाणी मागितल्यानं काही झालं नव्हतं, पाणी आणायला जाऊनही ती वाचली असती, तिला हाक मारली असती तर ती ऐकून परत आली असती, आणि हाक मारली गेली नाही कारण मी तिच्या नावानं ओ दिली. एवढंच बोलायचं होतं. तेरा वर्षांच्या पोरीला जमलं नाही असं म्हणता येईल. मी बरीच वर्षं तसंच म्हटलं.

चौकशीला वाशीमहून साहेब आले. आम्हाला एकेकाला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं. नंबर पुकारले होते का? हो. तेवीस नंबरनं उत्तर दिलं का? आठवत नाही. बेचाळीसातल्या चाळीस पोरांना आठवत नव्हतं. गावातली पोरं एवढी सगळी एका तोंडानं बोललेली मी आधी पाहिली नाही, नंतरही नाही. मला मात्र फारसं विचारलंच नाही, कारण माझी पाळी येईपर्यंत तुमचा जबाब लिहून झाला होता: "मी नंबर पुकारले. तेवीस नंबरचं उत्तर आलं की नाही हे न ऐकताच मी खूण केली. चूक सर्वस्वी माझी आहे." स्वतःहून गळ्यात दोर घालून घेणाऱ्याला कोण पुढचं विचारतं? साहेबांनी फाईल बांधली. तुम्हाला घरी बसवलं, दोन वर्षांनी इंझोरीकडच्या एका शाळेत पाठवलं. तिथे पोरांनी तुमचं नाव ठेवलं बहिरी मॅडम. चपलेच्या आवाजावरून माणूस ओळखणाऱ्या बाईला. वर्गात मागच्या बाकावरून हळूच काहीतरी बोलायचे आणि तुम्हाला ऐकू आलं का म्हणून हसायचे, असं मला तिथल्या एकीनं सांगितलं होतं. तुम्हाला सगळं ऐकू येत होतं.

बारावीत असताना हिवाळ्यात मी तुमच्याकडे आले. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून आले. तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतात. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर एक घड्याळ, बाकी काही नाही. पुस्तकं, शंखांची चित्रं, ती परात, काहीच दिसलं नाही. तुम्ही फार वाळला होतात. मी दारात उभी राहिले आणि तुम्ही मागे न बघता म्हणालात, "ये. बस." मी बसले आणि शेंगा सोलू लागले. सूप अर्धं भरलं तेव्हा मी म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी मी..."

"काय शिकणार हाय पुढी?"

"मॅडम, मले सांगायचं हाय."

"मले नाई आयकायचं." तुमचा हात थांबला नव्हता. "थे म्या लिवून देलं हाय. त्याच्यावर आता कोनी काई लिवायचं नाई. तुले शिकायचं हाय. तू शीक."

"पन तिची आई..."

तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "तिच्या आईचं तुले पाहा लागन," म्हणालात. "थे मले लिवून देता नाई आलं."

मग त्या ओल्या दाण्यांची, सोल्यांची, आमटी केलीत, मला जेवू घातलंत, एसटीच्या वेळेला थांब्यावर सोडायला आलात. मी तुमच्या पाया पडले नाही. का पडले नाही ते मला सांगता येत नाही. लाज वाटली असेल. तुमच्या जाण्याची बातमी मला मोबाइलवर कळली, जुन्या वर्गाच्या ग्रुपमध्ये. खाली तीसेक हात जोडलेले. त्यात एक माझा.

मला तुमचा रागही येतो, हे आज सांगते. तुम्ही मला वाचवलंत आणि वाचवल्याचं ओझं माझ्या डोक्यावर देऊन गेलात. तुम्ही ती एक ओळ लिहिली नसती तर मला चार लोकांनी शिव्या दिल्या असत्या, आईनं बदडलं असतं, आणि काकूला त्याच आठवड्यात खरं कळलं असतं. तेरा वर्षांच्या पोरीला कोणी फाशी देत नाही. आणि पेन थांबलं होतं ना, मॅडम? मग मान वर का केली नाहीत? रोजची सवय होती म्हणून, मला माहीत आहे. मायेची सवय होती ती. तिच्यावर चिडायचं तरी कसं, म्हणून मी बहुतेक वेळा स्वतःवरच चिडते.

मागच्या महिन्यात केंद्रावर एक गाडी आली. पाटी वाशीमची. पोरं उतरली आणि माझ्या कानावर पडलं, "अबे, केवढा हाय पाहा बे!" मेडशीच्या बाजूचीच शाळा होती. बरोबरचे सर तरुण, तिशीतले, चांगले वाटले. पोरांना ओरडत नव्हते. खडकावर जायच्या आधी त्यांनी सगळ्यांना पायऱ्यांवर बसवलं आणि मी दोरी धरून बाजूला उभी होते.

"आयका," ते म्हणाले. "आपल्याच इकळची एक मॅडम होती. पोट्टे घेऊन आली समुद्रावर. नंबर पुकारले, पन पोट्टी बोलली का नाई थे आयकलंच नाई. खूण करून मोकळी. पोट्टी तिकळंच राह्यली. मेली." एका मुलीनं शेजारणीचा हात धरला. "तिले मंग बहिरी मॅडम म्हनत. म्हनून सांगून राह्यलो, नंबर पुकारला की मोठ्यानं बोला, आन् ज्याचा त्यानंच बोला." मग ते माझ्याकडे वळले, माझ्यासाठी भाषा जरा धुऊन घेतली, आणि म्हणाले, "बरोबर ना ताई? शिक्षकानं नीट ऐकायला नको का? एवढं तर काम असतं."

माझ्या तोंडाशी आलं होतं. त्या बाईला ऐकू आलं होतं, सर. नुसतं हे एक वाक्य. तेही आमच्या बोलीत म्हणता आलं असतं, पोरांनी चमकून पाहिलं असतं. सर थांबले होते, खरोखर उत्तराची वाट बघत.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"तुम्ही इकडच्याच का?"

"हो, इकडचीच."

मग मी दोरी उचलली. अडतीस पोरं तिच्याखालून गेली आणि अडतीस परत आली. जाताना सरांनी वहीत अभिप्राय लिहिला की इथल्या ताई फार काळजीनं मोजतात, बाकीच्यांनी शिकावं.

त्यानंतर मी हे लिहायला बसले आहे, चार रविवार झाले. खरं म्हणजे पहिल्या रविवारी कागदावर "मॅडम" नव्हतं, "काकू" होतं. ती आहे अजून. ऊसतोड सुटली, डोळ्यांना कमी दिसतं, मेडशीच्याच वस्तीवर राहते. कोणी सहलीला, जत्रेला, कुठेही निघालं की हात जोडून सांगते म्हणे, माह्यासाठी काई आनू नका, बाप्पा. हे मला माझ्या आईनं फोनवर सांगितलं, सहज, सोयाबीनचा भाव काय चाललाय ते सांगता सांगता. मी "काकू" लिहिलं, खाली दोन ओळी लिहिल्या, आणि कागद उलटा केला. दुसऱ्या बाजूला "मॅडम" लिहिलं आणि मग लिहीतच गेले. हे तुम्हाला धाडायचं म्हटलं तरी धाडता येत नाही, म्हणूनच तर एवढं लिहून झालं. तिचा नातू, धाकट्या मुलाचा पोरगा, सातवीत आहे आणि तिला पत्र वाचून दाखवण्याइतकं त्याला चांगलं वाचता येतं, म्हणून तिला लिहिलं नाही.